फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया : ओळख आणि निदान

मेंदूच्या कपाळामागच्या आणि कानशिलांमागच्या भागांतील, म्हणजे फ्रंटल आणि टेम्पोरल लोबमधील, पेशी हळूहळू मरत जाणाऱ्या आजारांचा गट. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात एफटीडी म्हणतात. अल्झायमरमध्ये आधी आठवण जाते. इथे आठवण बराच काळ शाबूत असते, आधी बिघडतो तो स्वभाव, वागण्यातला पाचपोच किंवा भाषा. आजार बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो. नोकरी चालू असते, घराचे हप्ते फिटायचे असतात, मुलांची लग्ने व्हायची असतात. म्हणूनच घरातल्या कोणाच्याही मनात डिमेन्शियाचा विचार येत नाही.

देशात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पाहणीत साठीच्या आतला माणूस मोजलेलाच नाही. एफटीडीचे पुष्कळ रुग्ण नेमके त्याच वयातले असतात, त्यामुळे डिमेन्शियाच्या आकड्यांतही ते फारसे दिसत नाहीत.

वागण्यातून दिसणारा प्रकार

हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. नागपूरकडच्या घरांत त्याची सुरुवात "आमचे हे असे नव्हते जी" या वाक्याने सांगितली जाते. उदाहरणादाखल एक चित्र घेऊ. पन्नाशीतला, हिशेबाला चोख म्हणून ओळखला जाणारा कारकून. नात्यातल्या तेरवीच्या पंगतीत तो मोठ्याने हसतो आणि शेजारच्याच्या पानातली जिलेबी उचलून खातो. रोज संध्याकाळी ठरल्या दुकानातून संत्रा बर्फी आणतो आणि घरी पोहोचेपर्यंत डबा रिकामा करतो. बायको न्हाणीघरात पाय घसरून पडते, तर तिला ओलांडून पुढे जातो आणि विचारतो, "चहा झाला का?" पंचवीस वर्षे संसार केलेल्या बाईला यातली बर्फी सहन होते, तो प्रश्न होत नाही. ती त्याला दुष्टपणा समजते, आणि तिचे चुकते असे म्हणता येत नाही, कारण बाहेरून तो तसाच दिसतो. दुसऱ्याचे दुःख ओळखण्याची मेंदूतली यंत्रणाच निकामी झाली आहे, हे तिला कोणीतरी सांगावे लागते.

२०११ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत सहा गोष्टी पाहतात : संकोच सुटणे, निरिच्छपणा, सहानुभूती आटणे, तीच ती कृती किंवा वाक्य पुन्हा पुन्हा करणे, खाण्याच्या सवयी बदलणे (विशेषतः गोडाची ओढ), आणि आठवण बऱ्यापैकी असूनही नियोजन व निर्णय यांत घसरण. यांतल्या तीन असतील आणि हळूहळू वाढत असतील, तर आजार 'शक्य' कोटीत धरतात. त्याला रोजच्या कामकाजातील घसरण आणि स्कॅनमधील खुणांची जोड मिळाली की 'संभाव्य' म्हणतात. 'निश्चित' हा शब्द मेंदूच्या ऊतींची तपासणी झाल्यावर किंवा जनुकातला ज्ञात दोष सापडल्यावरच वापरतात.

निरिच्छपणाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. आरडाओरडा करणाऱ्याला लोक डॉक्टरकडे नेतात. दिवसभर दिवाणावर बसून राहणाऱ्याला आळशी म्हणतात, नाहीतर नैराश्याच्या गोळ्या चालू होतात.

भाषेतून दिसणारे प्रकार

एका प्रकारात शब्दांचे अर्थच पुसले जातात. बोलणे अस्खलित असते, व्याकरण ठीक असते, पण आयुष्यभर स्वयंपाक केलेली बाई हातात झारा धरून विचारते, "झारा म्हणजे काय?" तिला शब्द आठवत नाही एवढेच नव्हे, ती वस्तू कशासाठी असते हेही पुढे हरवते. दुसऱ्या प्रकारात बोलणे अडखळत, कष्टाने येते. मराठीत ही मोडतोड प्रत्ययांत आणि क्रियापदांत दिसते : विभक्ती चुकते किंवा गळते, लिंग-वचन कर्त्याशी जुळत नाही, वाक्ये दोन-तीन शब्दांवर येतात.

इथे तपासणीची एक अडचण आहे. अर्थ हरवणाऱ्या प्रकारात इंग्रजी रुग्णांना अनियमित स्पेलिंगचे शब्द वाचायला देतात, ते चुकले की खूण पटते. देवनागरीत बहुतांशी लिहिले तसेच वाचले जाते. अर्थ पूर्ण हरवलेला मराठी माणूसही शब्द बिनचूक वाचून दाखवतो. त्यामुळे परदेशी चाचणीचे नुसते भाषांतर करून भागत नाही. वस्तूंची नावे, त्यांचा उपयोग, चित्रांच्या जोड्या यांवर भर द्यावा लागतो, आणि त्या वस्तू रुग्णाच्या घरातल्या असाव्या लागतात.

पूर्वपीठिका

प्रागमधील आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये वाचा गेलेल्या, कानशिलामागचा मेंदू आक्रसलेल्या रुग्णाचे वर्णन केले. १९११ मध्ये आलोइस अल्झायमर यांनी अशा मेंदूच्या पेशींत आढळणारे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. पुष्कळ काळ सगळ्यालाच 'पिकचा आजार' म्हणत. पुढे कळले की पेशींत साचणारी प्रथिने एकाहून अधिक आहेत. टाऊ आणि टीडीपी-४३ ही त्यांतली मुख्य, दुसऱ्याची ओळख २००६ मध्ये पटली. २०२३ मध्ये अभिनेते ब्रूस विलिस यांच्या कुटुंबाने हे निदान जाहीर केले, तेव्हा आजाराचे नाव पहिल्यांदा सर्वसामान्यांच्या कानावर गेले.

निदान कसे होते

कोणत्याही एका रक्ततपासणीने हे निदान होत नाही. सर्वांत मोलाचा पुरावा घरातला माणूस देतो. रुग्णाला स्वतःत काही बिघडले आहे असे वाटतच नाही, विचारले तर तो "मला काय झालं? मी ठीक आहे" असेच म्हणतो आणि दहा मिनिटांच्या भेटीत नीटनेटका वागूनही दाखवतो. त्याच्यासमोर बायको काय सांगणार? तिला किंवा मुलाला वेगळे बसवून विचारणे हा निदानाचा गाभा आहे. गर्दीच्या ओपीडीत नेमके तेच राहून जाते. म्हणून घरच्यांनी तारखांसह टिपण करून न्यावे : पहिला बदल कधी जाणवला, पैशाचा पहिला घोटाळा कोणता, खाणे कधी बदलले. मोबाइलवरचे दोन-तीन व्हिडिओ पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगतात.

वार, तारीख, तीन शब्द लक्षात ठेवणे अशा नेहमीच्या स्मृतिचाचणीत हा रुग्ण सुरुवातीला पूर्ण गुण मिळवू शकतो, आणि "डिमेन्शिया नाही" असा शेरा घेऊन घरी परततो. फ्रंटल भागाची चाचणी वेगळी असते. एका मिनिटात एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द सांगायचे, मूठ-कड-तळवा असा हात क्रमाने टेकवत राहायचे, एकदा टिचकी वाजली तर बोट वाजवायचे आणि दोनदा वाजली तर थांबायचे. म्हणींचा अर्थही विचारतात. 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणजे काय, यावर एखादा शांतपणे सांगतो, "अंगण वाकडं असलं तर नाचणार कसं?" शिक्षण कमी असलेल्या माणसाचेही असेच उत्तर येऊ शकते, तेव्हा एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

पुढे एमआरआय. त्यात कपाळामागचा आणि कानशिलांच्या पुढच्या टोकाचा मेंदू आक्रसलेला दिसतो, पुष्कळदा एका बाजूला जास्त. सुरुवातीचा एमआरआय साफ असू शकतो. तेव्हा एफडीजी पेट स्कॅन त्या भागांत साखरेचा वापर घटल्याचे दाखवतो.

बरे होण्याजोगी कारणे आधी शोधणे हे तितकेच महत्त्वाचे. बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत ती बरीच आढळते), थायरॉइड, सिफिलिस, एचआयव्ही, डोक्यात साकळलेले रक्त, कपाळामागची गाठ, दारूचे दुष्परिणाम. त्याचबरोबर उतारवयात पहिल्यांदा आलेला उन्माद किंवा नैराश्यही. वागण्याच्या प्रकारातील सुमारे निम्म्या रुग्णांना आधी मनोविकाराचे निदान मिळालेले असते, असे २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. योग्य निदानाला तीन-चार वर्षे लागणे नेहमीचेच.

नागपुरात वाट साधारण अशी असते : आधी देवऋषी किंवा घरचे डॉक्टर, मग मनोविकारतज्ज्ञ, शेवटी न्यूरोलॉजिस्ट. धंतोली-रामदासपेठेत खासगी न्यूरोलॉजिस्टांची दाटी आहे. सरकारी बाजूला मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) आणि त्याला जोडलेले सुपर स्पेशालिटी, मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय), आणि मिहानमधील एम्स आहे. मनोविकारतज्ज्ञाकडे आधी गेलात म्हणजे वेळ वाया गेला, असे मुळीच नाही. पन्नाशीत पहिल्यांदाच स्वभाव पालटला म्हणून मेंदूचा स्कॅन सांगणारा तज्ज्ञ भेटला, तर रस्ता तिथेच सरळ होतो.

अनुवंश

काही घराण्यांत आजार पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. एमएपीटी, जीआरएन आणि सी-९-ओआरएफ-७२ ही तीन जनुके मुख्य आहेत. तिसऱ्यातील दोषामुळे हातपाय लुळे करणारा मोटर न्यूरॉनचा आजारही होतो. आशियात तो दोष युरोपच्या तुलनेने कमी सापडतो. आत्या किंवा काका 'वेडे होऊन' गेले असे घरात बोलले जात असेल तर ते डॉक्टरांना सांगावे. मात्र धडधाकट मुलांची जनुकतपासणी समुपदेशनाशिवाय करू नये.

उपचार आणि सांभाळ

आजार थांबवणारे औषध आज नाही. सेरोटोनिन या मेंदूतील रसायनावर काम करणाऱ्या नैराश्याच्या गोळ्या आणि ट्रॅझोडोन हे औषध यांनी वागणे थोडे निवळते. अल्झायमरसाठीचे डोनेपेझिल इथे उपयोगी पडत नाही, उलट काहींची अस्वस्थता वाढवते. नेमके निदान हवे ते यासाठीही. लक्षणे सुरू झाल्यापासून सरासरी सहा ते आठ वर्षांचे आयुष्य धरतात, पण माणसागणिक फरक मोठा असतो. मोटर न्यूरॉनचा आजार जोडीला असेल तर काळ बराच कमी.

घरी वाद घालून उपयोग होत नाही. गोड कपाटात कुलूपबंद ठेवावे. ठरल्या रस्त्याने फिरण्याची खोड असेल तर वेळ बदलून द्यावी; नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि या माणसाला दुपारी बाहेर पडू नये हे सुचत नाही. शेजारी आणि दुकानदारांना आजाराची कल्पना दिली तर भांडणे टळतात.

पैशांचे काम सर्वांत आधी उरकावे. एटीएम कार्ड, यूपीआय आणि कर्जाचे फोन यांतून वर्षभरात घर रिकामे होऊ शकते. आपल्याकडे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते टिकत नाही, म्हणून संयुक्त खाते, नामनिर्देशन, मृत्युपत्र हे रुग्णाला कळते आहे तोवरच करावे. ती वेळ टळून गेली असेल तर पालकत्वासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरातच असल्याने विदर्भातील कुटुंबांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. अर्जासोबत निदानाची कागदपत्रे लागतात, तेव्हा पहिल्या भेटीपासूनचे सगळे रिपोर्ट एकाच फायलीत सांभाळून ठेवावेत.