फिलिपाइन्सचे चित्रकार आणि संगीतकार

फिलिपाइन्समधली पाश्चात्त्य वळणाची चित्रकला आणि संगीत, आणि ते घडवणारे मुख्य लोक, यांची ही नोंद. स्पॅनिश राजवट साधारण १५६५ ते १८९८, मग अमेरिकन, मग १९४६ला स्वातंत्र्य, एवढी चौकट डोक्यात ठेवली की पुढचं कळायला सोपं जातं. दोन्ही कला सुरुवातीला चर्चच्या आसऱ्यानेच वाढल्या, म्हणजे चित्रकाराला काम मिळायचं ते संतांच्या तसबिरींचं आणि गाणाऱ्याला मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीचं. दक्षिणेकडच्या मिंदानाओ भागात कुलिंतांग नावाचा ओळीत मांडलेल्या घंटांचा वाद्यमेळ आहे, त्याची परंपरा पूर्ण वेगळी आहे आणि इथे ती घेतलेली नाही.

धार्मिक नसलेल्या जुन्या चित्रांत पहिलं नाव निघतं ते विगान शहरातल्या एस्तेबान विलानुएवाचं. १८०७ साली उत्तर लुझोनच्या इलोकोस भागात बासीवरून उठाव झाला. बासी म्हणजे उसाच्या रसाची दारू (हिंदीतल्या शिळ्या बासीशी काही संबंध नाही), ती लोक घरीच करायचे आणि सरकारने त्यावर निर्बंध आणले, म्हणून लोक उठले. या उठावावर विलानुएवाने १८२१मधे चौदा चित्रांची मालिका केली, शेवटी पुढाऱ्यांचा शिरच्छेद दाखवलाय. त्यातल्या काही चित्रांत आकाशात शेपटीवाला धूमकेतू आहे आणि सगळा वाद त्यावर आहे. बरीच वर्षं तो हॅलेचा धूमकेतू असं लिहिलं जायचं, अजूनही कुठे कुठे सापडतं, पण हिशोब बसत नाही कारण हॅले १७५९ला आला आणि नंतर थेट १८३५ला. मधे १८०७च्या सप्टेंबरपासून वर्षअखेरीपर्यंत नुसत्या डोळ्यांनी दिसणारा एक मोठा धूमकेतू होता आणि उठावही सप्टेंबरातलाच, त्यामुळे चित्रातला धूमकेतू तोच हे मत जास्त पटतं. म्हणजे चित्रकाराने अपशकुन म्हणून मनाने काढलेला नाही, लोकांनी पाहिलेली गोष्ट चौदा वर्षांनी आठवणीने रंगवलीये. चित्रं लोकांना धाक बसावा म्हणून काढली की झाल्या प्रकाराची नोंद म्हणून, यावर मात्र दोन्ही बाजूंनी बोललं जातं. ती आता विगानच्या जुन्या तुरुंगाच्या इमारतीत आहेत, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले एल्पिदिओ किरिनो याच इमारतीत जन्मले, वडील तिथे तुरुंगाधिकारी होते.

त्याच सुमारास मनिलाच्या तोंदो भागात दामिआन दोमिंगो आपल्या घरात चित्रकलेची शाळा चालवत होता. साल बहुधा १८२१. वेगवेगळ्या जातीधंद्यांची माणसं त्यांच्या कपड्यांसकट दाखवणारे त्याचे अल्बम प्रसिद्ध आहेत. एक अल्बम बनवून घेणारा राफाएल दानिएल बाबूम, याला कुठे हिंदुस्थानी व्यापारी म्हटलंय तर कुठे आर्मेनियन, आडनावावरून आर्मेनियन असण्याकडे कल जातो. कापडाच्या व्यापाऱ्याला कपड्यांची चित्रं हवी असणार, यात नवल नाही.

खरा गाजावाजा झाला १८८४ला. हुआन लुना (१८५७–१८९९), गाव बादोक, तोही इलोकोसचाच. माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्याच्या 'स्पोलिआरिअम'ला सुवर्णपदक मिळालं, आणि फेलिक्स रेसुरेक्सिओन हिदाल्गो या दुसऱ्या फिलिपिनो चित्रकाराला त्याच प्रदर्शनात रौप्य. सुवर्ण एकच नव्हतं, तीन होती, हे सहसा सांगितलं जात नाही, अर्थात त्याने लुनाचं मोठेपण कमी होत नाही. स्पोलिआरिअम म्हणजे रोमन आखाड्याखालचं तळघर, जिथे मेलेल्या ग्लॅडिएटरांच्या अंगावरचं सामान काढून घ्यायचे. चित्र रोममधे काढलेलं, साधारण सव्वाचार मीटर उंच आणि साडेसात मीटरहून जास्त रुंद, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी हॉलची अख्खी भिंत. मधोमध प्रेतं फरपटत ओढून नेतायत, डावीकडे बघ्यांची गर्दी, आणि उजवीकडे अंधारात एक बाई पाठमोरी जमिनीवर कोसळलेली, खांदा उघडा. बघे सगळे प्रेतांकडे बघतात, त्या बाईकडे कुणाचंच लक्ष नाही.

या यशाबद्दल २५ जून १८८४ला माद्रिदमधे मेजवानी झाली आणि तिथे होसे रिझाल या फिलिपिनो लेखकाने भाषण केलं, तेव्हापासून ओढली जाणारी प्रेतं म्हणजे स्पेनच्या ताब्यातला फिलिपाइन्स असा अर्थ रूढ झाला. लुनाच्या मनात तो चित्र काढतानाच होता का? रोमन विषय त्या काळच्या स्पर्धांत सर्रास चालायचे, त्यामुळे अर्थ नंतर चिकटला असं मानणं जास्त सुरक्षित, पण चिकटला तो घट्टच. चित्र बार्सिलोनाच्या प्रांतिक मंडळाने विकत घेतलं, स्पॅनिश यादवीत त्याचं नुकसान झालं, दुरुस्ती झाली आणि १९५०च्या दशकाच्या शेवटी स्पेनने ते फिलिपाइन्सला भेट दिलं. आज मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात शिरलं की पहिल्यांदा तेच समोर येतं. लुनाचं खासगी आयुष्य भयंकर आहे, १८९२ला पॅरिसमधे संशयावरून त्याने बायको आणि सासू दोघींना गोळ्या घातल्या आणि कोर्टातून सुटला. एक भाऊ आंतोनिओ पुढे क्रांतीत सेनापती झाला, दुसरा मानुएल व्हायोलिन वाजवायचा.

फेर्नांदो आमोर्सोलो (१८९२–१९७२) हा सगळ्यात लाडका. भातलावणी, आंब्याखाली जेवण, डोक्याला फडकं बांधलेली खेड्यातली हसरी मुलगी. सूर्य माणसाच्या मागे ठेवायचा म्हणजे केसांच्या आणि खांद्यांच्या कडेला सोनेरी रेघ उमटते आणि चेहरा सावलीत असूनही उजळ दिसतो, ही त्याची युक्ती, पुढे शेकडो जणांनी तिची नक्कल केली. मामा फाबिआन दे ला रोसा यांच्याकडे शिकला, मग १९१९मधे एन्रिके सोबेल या उद्योगपतीच्या पैशाने माद्रिदला गेला. त्याआधी विशीत असताना त्याने जिनेब्रा सान मिगेल या दारूच्या बाटलीचं लेबल काढलं होतं, देवदूत मायकल सैतानाला तुडवतोय. ते अजून चालू आहे, म्हणजे त्याचं सर्वांत जास्त पाहिलं गेलेलं चित्र कदाचित हेच. 'राष्ट्रीय कलावंत' हा किताब पहिल्यांदा त्यालाच मिळाला, पण १९७२ला, मृत्यूनंतर काही दिवसांतच.

या गोडव्याविरुद्ध उभा राहिला व्हिक्टोरिओ एदादेस (१८९५–१९८५). सिएटलला शिकून आला आणि १९२८ला मनिलात प्रदर्शन भरवलं, त्यातलं 'द बिल्डर्स' म्हणजे घामेजलेले मजूर, मातकट काळपट रंग, आमोर्सोलोच्या उन्हाच्या नेमकं उलट. मग पेपरांतून जुने विरुद्ध नवे अशी वर्षानुवर्षं भांडणं चालली, जुन्यांच्या बाजूने शिल्पकार गिलेर्मो तोलेंतिनो. नव्यांची तेरा जणांची यादी प्रसिद्ध आहे, त्यात बाई एकच, आनिता मागसायसाय-हो.

तेरांपैकी कार्लोस 'बोतोंग' फ्रान्सिस्को (१९१२–१९६९) आंगोनोचा. लागुना सरोवराच्या काठावरचं हे मासेमारांचं गाव या नोंदीत दोनदा येतं, कारण संगीतकार लुसिओ सान पेद्रोही (१९१३–२००२) इथलाच आणि दोघे नात्यातले. सान पेद्रोचं 'सा उगोय नांग दुयान' हे पाळण्याच्या झोक्यावरचं गाणं तिकडे घराघरात माहीत आहे, शब्द लेव्ही सेलेरिओचे. बोतोंगने मनिलाच्या सिटी हॉलसाठी देशाच्या इतिहासाचं प्रचंड भित्तिचित्र केलं, आणि १९६५ला स्काउटच्या मुलांना घेऊन डोंगरात फिरताना त्याला खडकावर कोरलेल्या आदिम आकृत्या सापडल्या, सव्वाशेच्या आसपास. त्या आज संरक्षित आहेत.

संगीतात चर्चसंगीताचं मोठं नाव मार्सेलो आदोनाय (१८४८–१९२८). हुलिआन फेलिपेने (१८६१–१९४४) राष्ट्रगीताची चाल केली, १२ जून १८९८ला कावितमधे स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर करून झेंडा फडकला तेव्हा ती बँडवर वाजली. तेव्हा शब्द नव्हतेच, होसे पाल्माची कविता १८९९ची. चाल स्पॅनिश शाही संचलनाच्या धर्तीवर आहे हा आक्षेप जुना आहे, पण स्पेनची थोडी आठवण मुद्दाम ठेवल्याचं फेलिपेनेच सांगितलंय, म्हणजे त्यात चोरी शोधायचं कारण नाही. मूळ चाल दोन मात्रांची, गाता यावी म्हणून पुढे चारची केली.

आता कुंदिमान. तागालोग भाषेतलं हे प्रेमगीत, तीन मात्रांचं, संथ. पूर्वार्ध मायनरमधे आणि उत्तरार्ध मेजरमधे, आपल्या भाषेत सांगायचं तर षड्ज तोच ठेवून कोमल गंधाराचा शुद्ध गंधार होतो, धैवताचंही तसंच, आणि रडवेलं गाणं एकदम उजळतं. शब्द कुठून आला? 'कुंग हिंदी मान' म्हणजे 'जरी नसलं तरी', याचं आकुंचन ही व्युत्पत्ती सगळीकडे दिलेली असते. लाल सुती कापडालाही कुंदिमान म्हणायचे, असंही सांगतात, मग गाण्यावरून कापड की कापडावरून गाणं हा प्रश्न येतो. व्युत्पत्ती ऐकायला छान आहे एवढ्यावरून ती खरी धरू नये. लेखी पुरावा म्हणाल तर होआकिन दे कोरिया या पाद्र्याच्या १८७२च्या व्याकरणात तागालोग गाण्यांच्या यादीत प्रेमगीत म्हणून ते येतं, तेव्हा प्रकार त्याआधीचा असणार. त्याहून जुना कुमिंतांग, हाही तागालोग गाण्याचाच प्रकार, त्याची स्वरलिपी फ्रेंच लेखक माला याने १८४६लाच छापली होती. दोन्ही प्रकारांची लोक कायम गल्लत करतात, निकानोर आबेलार्दो या संगीतकाराचं (त्याच्याबद्दल पुढे येईलच) 'मुत्या नांग पासिग' (१९२६) कुंदिमान म्हणून गायलं जातं पण त्याची जात कुमिंतांगची.

लोकांच्या तोंडचं हे गाणं पियानोच्या साथीने मैफलीत नेलं ते फ्रान्सिस्को सांतियागो (१८८९–१९४७) आणि निकानोर आबेलार्दो (१८९३–१९३४) यांनी, दोघेही बुलाकान प्रांताचे. सांतियागोचं 'आनाक दालिता' १९१७चं, मैफलीतलं पहिलं कुंदिमान सहसा तेच धरतात. आबेलार्दो पोरवयातच मनिलाच्या बार आणि कॅबरेत पियानो वाजवून पोट भरायचा, पुढे विद्यापीठात शिकवलं, १९३१ला शिकागोला गेला आणि तिकडून एकदम आधुनिक, कानाला टोचणारं लिहायला लागला. वय एक्केचाळीस आणि गेला, त्यामुळे ते वळण अर्धंच राहिलं, आणि गायक अजून त्याची जुनी गाणीच गातात.

होसे मासेदा (१९१७–२००४) पॅरिसमधे पियानो शिकलेला, पण मग खेडोपाडी फिरून बांबूची वाद्यं आणि घंटा रेकॉर्ड करत बसला. १९७१च्या 'कॅसेट्स १००'मधे शंभर माणसं टेपरेकॉर्डर घेऊन सांस्कृतिक केंद्रात फिरली. १ जानेवारी १९७४ला 'उग्नायान' झालं, वीस भागांचं संगीत मनिलाच्या वीस रेडिओ स्टेशनांवरून एकाच वेळी, प्रत्येक स्टेशनवर एकच भाग. लोकांनी आपापले रेडिओ घेऊन चौकात, मैदानात जमायचं आणि वेगवेगळी स्टेशनं लावायची, तरच संगीत पुरं ऐकू येणार. राष्ट्राध्यक्ष मार्कोसची लष्करी राजवट चालू होती आणि कार्यक्रमाला सरकारचाच पाठिंबा होता, याबद्दल मासेदावर टीका होत आलीये. त्याने गोळा केलेली ध्वनिमुद्रणं विद्यापीठात जपलेली आहेत आणि २००७ला युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत त्यांची नोंद झाली.