अर्ध्या मिलिमीटरची टिकटिक

सायकलवर पुण्याजवळचा दिवे घाट अर्धा चढून झाला होता आणि मागून टिक-टिक-टिक सुरू झालं. पेडल मारलं की टिकटिक, पाय थांबवला की गप्प. चेन बसली होती मागच्या चाकाच्या बरोबर चकतीवर, पण शेजारच्या मोठ्या चकतीला सारखी खेटत होती. चेन एका चकतीवरून दुसरीवर नेतो तो मागचा डिरेलर. कडेला थांबून त्याचा बॅरल, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करणारी गोल चावी, अर्धी फेरी फिरवला. आवाज गेला. सासवडकडच्या सपाटीला लहान चकत्यांवर आलो, तर तिथे नवीच कुरकुर. बॅरल उलटा फिरवला, लहान गिअर सुधारले. पुढच्या चढाला मोठे पुन्हा बिघडले.

सकाळभर हाच खेळ. खरं तर या वागण्यातच दुखणं काय ते कळत होतं, पण ते माझ्या डोक्यात शिरायला घरी पोचावं लागलं.

हँडलवरच्या शिफ्टरला, म्हणजे गिअर बदलायच्या दांडीला, चेन कुठे आहे, चकत्या किती आहेत, यातलं काहीही ठाऊक नसतं. त्याच्या पोटात खाचांचं एक चाक असतं. एक टिचकी म्हणजे एक खाच, आणि एक खाच म्हणजे ठरावीक लांबीची केबल. शिमानो कंपनीच्या 11 स्पीड, म्हणजे मागे 11 चकत्या असलेल्या रोड सायकलींत ही लांबी साधारण 2.7 मिमी. डिरेलर तिचं सुमारे 1.4 पट करतो, त्यामुळे चेनला वाट दाखवणारी वरची छोटी पुली पावणेचार मिमीच्या आसपास सरकते. कॅसेटमधल्या, म्हणजे मागच्या चकत्यांच्या संचातल्या, एका चकतीपासून पुढची चकतीही तेवढ्याच अंतरावर असते. हिशेब इतका काटेकोर, की वाटेत कुठे अर्धा मिलिमीटर केबल हरवली तर पुली 0.7 मिमी चुकते, म्हणजे दोन चकत्यांमधल्या अंतराचा जवळजवळ पाचवा हिस्सा. टिकटिकायला तेवढं पुष्कळ झालं.

पूर्वी असं नव्हतं. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळाली 1937 साली. त्याआधी घाट आला की खाली उतरायचं, मागचं चाक काढायचं आणि उलटं बसवायचं, कारण दुसऱ्या बाजूला वेगळ्या आकाराची चकती असे. डिरेलर आल्यावरही कित्येक दशकं शिफ्टरला खाचा नव्हत्या. दांडी घर्षणावर अडून राही. स्वार ती अंदाजाने ओढायचा, आवाज ऐकायचा आणि जराशी मागे-पुढे करून चेन बसवायचा. केबल गंजकी असो की डिरेलर ढिला, चूक कानाला कळायची आणि बोटं ती भरून काढायची. शिमानोने 1984 मध्ये ड्युरा-एस या गिअरसंचाबरोबर खाचांची पद्धत आणली आणि हे काम स्वाराच्या हातून गेलं. सोय झालीच, यात वाद नाही. पण पूर्वी चालता-चालता होणारी दुरुस्ती आता आधीच करून ठेवावी लागते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण निम्मं निदान तिच्यात आहे. केबल फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. लहान चकतीवरून मोठीवर जाताना ओढणारा असतो तुमचा अंगठा किंवा बोटं, म्हणजे ताकदीला तोटा नाही. मोठीवरून लहान चकतीवर येताना मात्र केबल मोकळी सुटते, आणि तिला मागे खेचायचं काम डिरेलरमधल्या एका लहानशा स्प्रिंगवर पडतं. केबलवरच्या नळीत, म्हणजे आउटरमध्ये, चिखल, गंज, वाळलेलं तेल असलं तर तुमच्या हाताला ते जाणवणारही नाही. स्प्रिंगला मात्र ते पेलवत नाही. म्हणून मोठ्या चकतीवर चेन झटकन चढते पण लहानीवर येताना आळस करते, एक टिचकी वाया जाते, मग दोन गिअर एकदम पडतात, असं होत असेल तर संशय आधी घर्षणावर घ्यावा. उलट, लहानीवरून मोठीवर जायलाच चेन कुरकुरत असेल तर केबल बहुधा ढिली आहे.

पावसाळ्यानंतर घर्षणाचाच रोग जास्त. डिरेलरपाशी आउटरचं जे शेवटचं वेटोळं असतं, ते सगळ्यात खाली, नेमकं चाकाच्या चिखलाच्या माऱ्यात. केबल फ्रेमच्या बाहेरून जात असेल तर तपासायची युक्ती सोपी आहे. सायकल स्टँडवर घ्या, चेन मोठ्या चकतीवर आणा, पेडल थांबवा आणि तसंच शिफ्टरच्या टिचक्या मारत शेवटच्या लहान गिअरपर्यंत या. चेन जागची हलणार नाही, पण केबल लोंबकळेल. आता आउटरचे तुकडे फ्रेमच्या खाचांतून अलगद सुटतात. एकेक तुकडा केबलवर पुढे-मागे सरकवून पाहा. माझ्या सायकलीचा शेवटचा तुकडा सरकवला तेव्हा वाळूच्या कागदासारखा करकरला आणि इनरवर, म्हणजे आतल्या केबलवर, वीतभर तांबूस पट्टा निघाला. असा तुकडा तेल सोडून वाचवायच्या भानगडीत पडू नये. इनर-आउटर दोन्ही बदलावं.

बदलताना आउटर मात्र गिअरचंच हवं. एका मित्राच्या सायकलीला दुकानात ब्रेकचं आउटर बसवून दिलं होतं. वरून दोन्ही सारखीच दिसतात, काळी नळी. कापल्यावर फरक कळतो. ब्रेकच्या आउटरमध्ये चपटी तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. केबल ताणली की ती वेटोळी दबतात आणि वळणावर आउटरची लांबी बदलते. ब्रेकला त्याचं काही वाटत नाही, गिअरचा तेवढ्यात अर्धा मिलिमीटर जातो. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने उभ्या असतात, त्या दबत नाहीत. पण याची उलटापालट कधीही करू नका. ब्रेकच्या ताणाखाली गिअरचं आउटर फाटू शकतं, आणि ते फाटेल ते नेमकं उतारावर.

नवी केबल घातल्यावर आठवड्याभरात गिअर पुन्हा बिघडले की मिस्त्री म्हणतात, केबल ताणली. पोलादी केबल एवढ्याशा ओढीने म्हणण्यासारखी लांबत नाही. आउटरची टोकं आपापल्या टोप्यांत घट्ट बसतात, तेवढी जागा मोकळी होते. बॅरल असतो तो याच्यासाठी. त्याची एक पूर्ण फेरी म्हणजे साधारण पाऊण-एक मिलिमीटर केबल, त्यामुळे एका वेळी पाव फेरीच फिरवा. सायकलच्या मागे उभं राहून पाहिलं तर बॅरल डावीकडे फिरवला की चेन डावीकडे, म्हणजे चाकाकडे जाते. डिरेलरवरचे एच आणि एल हे दोन स्क्रू मात्र सोडून द्या. ते फक्त दोन टोकांची कुंपणं आहेत, मधल्या गिअरांशी त्यांचा संबंध नाही. बरेच जण आधी तेच पिळतात, आणि एल ढिला झाला तर चेन थेट स्पोकमध्ये जाते.

जोर लावला की चेन दातांवरून घसरते, ही तक्रार निराळी. तिथे बॅरल नाही, शाळेची फूटपट्टी काढा. चेनचे दोन लगतचे पिन अर्ध्या इंचावर, म्हणजे 12.7 मिमीवर असतात. पट्टीचं शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवलं तर 12 इंचांची खूण नव्या चेनमध्ये बरोबर दुसऱ्या एका पिनच्या मध्यावर पडते. तो पिन खुणेच्या दीड मिमी पुढे गेला असेल तर चेन अर्धा टक्का झिजली, आणि 11 स्पीडला ती बदलायची वेळ झाली. दुर्लक्ष केलंत तर ती कॅसेटचे दातही आपल्या मापाने झिजवते, आणि मग त्या कॅसेटवर नवी चेनही घसरते.

माझ्या सायकलीचं आउटर बदललं, तरी दिवे घाटातली टिकटिक गेली नाही. शेवटी मागे उकिडवं बसून एक डोळा मिटून पाहिलं. डिरेलरच्या दोन पुली एकाखाली एक, चकत्यांच्या रेषेत दिसायला हव्यात. खालची चाकाकडे झुकलेली होती. हँगर वाकला होता.

हँगर म्हणजे फ्रेमला डिरेलर जोडणारा बोटभर तुकडा. तो मुद्दाम मऊ अ‍ॅल्युमिनियमचा करतात, म्हणजे सायकल पडली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. दुकानात तो तपासायला एक लांब दांडीचं हत्यार असतं. ते हँगरच्या आट्यांत घट्ट करून रिमभोवती फिरवतात आणि चार ठिकाणी अंतर मोजतात. तीन-चार मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. रिमचा व्यास सव्वासहाशे मिमीच्या आसपास धरला, तर हा वाकडेपणा अर्ध्या अंशाहूनही कमी! आणि बॅरलने तो का निघत नाही, तेही मग कळतं. बॅरल सगळे गिअर सारखेच सरकवतो. वाकलेल्या हँगरवर पुली तिरकी उभी राहते आणि पुलींचा पिंजरा प्रत्येक गिअरला वेगळ्या कोनात फिरतो, म्हणून चूकही प्रत्येक गिअरला वेगळी. एक टोक सुधारलं की दुसरं बिघडणारच.

पडल्याचं तर आठवत नव्हतं. मग आठवलं, आदल्या रविवारी गाडीच्या डिकीत ती उजव्या अंगावर निजवली होती, आणि वर दुसरी सायकल.

आता ती डाव्या अंगावर निजते. खोगिराखालच्या पिशवीत एक जादा हँगरही असतो. बऱ्याच फ्रेमचा हँगर वेगळा, भोकांची जागासुद्धा जुळत नाही. त्यामुळे वाकायच्या आधीच मागवून ठेवलेला बरा.