स्पूफ आणि फॅन फिल्म: इस्त्री उडवणारे वेगळे आणि इस्त्री लपवणारे वेगळे

कुणी चादरीचा केप बांधून, मोबाईलवर शूट करून एखाद्या सुपरहिट पिक्चरचा दहा मिनिटांचा घरगुती अवतार यूट्यूबवर टाकला की खाली हमखास कमेंट येते, "भारी स्पूफ!", म्हणजे मूळ पिक्चरची मस्त खिल्ली उडवली, आणि बनवणारा बिचारा डोक्याला हात लावतो, कारण त्याने तो फायटिंगचा सीन अगदी मनापासून, गुडघे फोडून घेऊन केलेला असतो आणि त्याला वाटत असतं की लोकांच्या अंगावर काटा येईल. उलटही होतं म्हणा, एखादा मुद्दाम खिल्ली उडवतो आणि फॅन मंडळी येऊन सांगतात की बाबा ओरिजिनलमध्ये तलवार डाव्या हातात होती.

घोळ होणारच, कारण वरवर बघता दोन्हीकडे तोच मामला. पैसे नाहीत, मित्र फुकटात राबतायत, कॅमेरा मागून आणलाय, आणि कथा दुसऱ्याची. पण एक गोष्ट बघितली की लगेच कळतं. मूळ पिक्चरचा थाट आणि तुमच्या घरातलं सामान यांच्यात जी प्रचंड तफावत असते ना, स्पूफवाला ती पुढे करतो, त्याचा सगळा धंदाच त्या तफावतीवर चालतो, आणि फॅन फिल्मवाला, म्हणजे आवडता पिक्चर भक्तीने पुन्हा काढणारा, ती झाकण्यासाठी जिवाचं रान करतो. बाकी सगळे फरक, अगदी कोर्टकचेऱ्यांपर्यंतचे, यातूनच निघतात.

स्पूफचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण 'हार्डवेअर वॉर्स'. अंतराळातल्या युद्धाचा 'स्टार वॉर्स' आला १९७७ला, जगभर धुमाकूळ घातला, आणि पुढच्याच वर्षी अर्नी फॉसेलियस नावाच्या माणसाने साधारण ८ हजार डॉलरमध्ये १३ मिनिटांची ही फिल्म केली. तीही ट्रेलरच्या रूपात, म्हणजे ज्याचा ट्रेलर बघतोय तो पिक्चर अस्तित्वातच नाही. यात अंतराळयान म्हणून काय उडतं तर कपड्यांची इस्त्री. टोस्टर उडतो. रोबोट म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर. स्फोटात उडणारा ग्रह चक्क बास्केटबॉल आणि त्या ग्रहाचं नावही बास्केटबॉलच. मूळ पिक्चरमधल्या राजकन्येचे केस कानावर पावासारखे गुंडाळलेले होते, इथे बाईंच्या कानावर खरेखुरे पाव बांधलेत! हिरोचं नाव फ्लूक स्टारबकर, दुसऱ्याचं हॅम सॅलड, आणि व्हिलन डार्फ नेडर हेल्मेटच्या आतून काय बोलतो ते समोरच्याला कळतच नाही. दोऱ्या दिसतात, आणि त्या दिसायलाच पाहिजेत.

पण या सगळ्या भंगार सामानावर निवेदकाचा आवाज आहे पॉल फ्रीसचा, तो अमेरिकेतला नावाजलेला व्हॉइस आर्टिस्ट, आणि तो अगदी खऱ्या हॉलिवूड ट्रेलरच्या थाटात बोलतो, त्यात एक टक्कासुद्धा थट्टा नाही. इथे बरेच हौशी लोक चुकतात. त्यांना वाटतं स्पूफ म्हणजे सगळंच वेडंवाकडं केलं की झालं. नाही हो. अत्र्यांची 'झेंडूची फुले' आठवा, १९२५ची, त्यात वृत्त, शब्दांची ठेवण, तो कवींचा गहिवर सगळं जसंच्या तसं, फक्त विषय धपकन खाली पडतो, आणि वृत्त बिघडलं असतं तर विडंबन तिथेच मेलं असतं. सिनेमात वृत्ताच्या जागी काय येतं तर फ्रेम, लाईट, एडिटिंग आणि म्युझिक. तेवढं मूळ पिक्चरसारखं घट्ट धरायचं आणि मग त्यात इस्त्री सोडायची.

याचं आणखी चोख उदाहरण म्हणजे 'द डोव्ह', १९६८ची अमेरिकन शॉर्ट फिल्म, पंधराएक मिनिटांची, स्वीडनच्या इंगमार बर्गमनच्या पिक्चरांची टर उडवणारी. ब्लॅक अँड व्हाइट, तोच गंभीर प्रकाश, तीच उदास तोंडं. बर्गमनच्या पिक्चरमध्ये माणूस मृत्यूबरोबर बुद्धिबळ खेळतो, इथे मृत्यूबरोबर बॅडमिंटन. आणि संवाद म्हणे स्वीडिश, पण नीट ऐकलं तर इंग्रजी शब्दांना मागे 'स्का' जोडून ठोकून दिलेलं, वर सबटायटल्स एकदम शहाण्यासारखे. या फिल्मला चक्क ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं होतं. आवाज म्यूट करून नुसती बघितली तर बराच वेळ कळणारसुद्धा नाही की ही थट्टा आहे.

आता दुसरीकडे या. १९८२मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीत शाळकरी पोरांनी ठरवलं की 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' हा हॉलिवूडचा साहसपट आपण शॉट बाय शॉट पुन्हा काढायचा. ख्रिस स्ट्रॉम्पोलोस, जेसन लॅम्ब आणि एरिक झाला (हे आडनाव बरं का) ही त्यातली मुख्य नावं. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत शूटिंग करत करत १९८९ला संपवला, म्हणजे पिक्चर चालू असताना हिरोचा आवाज फुटतो, उंची वाढते, एका सीनमध्ये पोरगेला आणि पुढच्यात बाप्या. मूळ पिक्चरमध्ये माकड आहे, ते मिळालं नाही म्हणून घरचा कुत्रा घेतला. तळघरात खरीखुरी आग लावून शूटिंग केलं, घर जळायचं थोडक्यात वाचलं. विमानाचा स्फोट होणारा सीन तेवढा जमला नाही, तर तो राहिलाच, आणि तिशी-चाळिशी उलटून गेल्यावर, २०१४मध्ये, किकस्टार्टर या वर्गणीच्या वेबसाइटवर लोकांकडून पैसे जमवून या माणसांनी तो एक सीन पूर्ण केला!

हे बघताना लोक हसतात, खूप हसतात, पण त्या पोरांनी एकही जोक केलेला नाही. कुत्र्याला माकडाच्या जागी आणलं ते 'बघा बघा कुत्रा' म्हणून नाही, तर तुम्ही तो माकड समजून घ्यावा म्हणून. इस्त्री उडवणाऱ्याला तुम्ही इस्त्री विसरलात तर त्याचं नुकसान, आणि या पोरांना तुम्ही कुत्रा विसरलात तर त्यांची फिल्म जिंकली. त्यामुळे प्रेक्षक हसला की नाही यावरून काही ठरत नाही. हसू कुणी लिहून ठेवलं होतं का, एवढंच बघायचं.

आणि बजेट कमी म्हणजे स्पूफ असंही नाही हं. १९९७ची 'ट्रूप्स' बघा, दहा मिनिटांची. स्टार वॉर्सचे ते पांढऱ्या चिलखतातले सैनिक, ड्रेस एकदम चकाचक, पण फिल्म आहे अमेरिकन टीव्हीवरच्या पोलिसांच्या गस्तीच्या रिअॅलिटी शोच्या स्टाईलने, म्हणजे हे सैनिक वाळवंटात फिरून किरकोळ चोऱ्या आणि घरगुती भांडणं सोडवतायत आणि मध्येमध्ये कॅमेऱ्याकडे बघून ड्युटीबद्दल बोलतायत. इथे सामानात तफावत नाही, कामात आहे. आकाशगंगेचं महायुद्ध एकीकडे आणि गल्लीतली तक्रार एकीकडे. तरी स्पूफच.

आपल्याकडचा सगळ्यात अवघड नमुना म्हणजे मालेगाव. नाशिक जिल्ह्यातलं यंत्रमागांचं गाव, आणि तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी 'शोले'वरून 'मालेगाव के शोले' काढला, डाकूंना घोडे परवडत नाहीत म्हणून सायकली. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'. तो बनताना फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी काढली, २००८ची, आणि ती बघितली नसेल तर आधी ती बघा आणि मग पुढे वाचा. सुपरमॅन झालेत शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारे, अंगाने काडी, आणि सुपरमॅनच्या त्या लाल चड्डीची नाडी बाहेर लोंबतेय. उडायचं कसं, तर क्रोमावर, म्हणजे मागे हिरवं कापड लावून शूट करायचं आणि नंतर कापडाच्या जागी आकाश टाकायचं. व्हिलनला घाणीची आवड आहे. आता मालेगावच काय, आपल्या कुठल्याही गावातला माणूस हे बघून हसणार, कारण परग्रहावरून आलेला तो महाबली शेवटी आपल्याच गटारापाशी येऊन थांबला.

हा स्पूफ आहे यात मला शंका नाही, ती नाडी काही चुकून लोंबत नाहीये. पण शूटिंग बघाल तर मिसिसिपीच्या पोरांसारखंच, तोच जीव टाकून केलेला आटापिटा, पाण्यात पडलेला कॅमेरा, आणि डोळ्यात सिनेमाचं वेड. स्क्रीनवर थट्टा आणि स्क्रीनच्या मागे भक्ती. म्हणून बाहेरचे समीक्षक "बिचाऱ्यांना पैसे नव्हते म्हणून असं झालं" छापाचं लिहितात तेव्हा मला राग येतो, कारण मग विनोद करणाऱ्याचा विनोदच तुम्ही काढून घेता आणि त्याला कौतुकाची भीक घालता. आपल्याला तरी हे कळायला हवं, आपण 'वस्त्रहरण' बघून हसलेली माणसं आहोत, गावच्या महाभारतात काय काय कमी पडतंय त्यावरच तर ते अख्खं नाटक उभं आहे, आणि गवाणकरांना नेपथ्य परवडलं नाही असं कुणी म्हणत नाही. आता रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा याच मंडळींवरचा पिक्चर २०२५मध्ये थिएटरला येऊन गेला, त्यामुळे निदान नाव तरी सगळ्यांना माहीत झालंय.

आता कायद्याचं, कारण इथे सगळं डोक्यावर उभं राहतं. साधं डोकं सांगतं की जो मूळ पिक्चरवर प्रेम करतो, थट्टा करत नाही, त्याला मालकाने जवळ करावं. होतं भलतंच. अमेरिकेत १९९४च्या एका गाजलेल्या निकालात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की विडंबनाला मूळ कलाकृतीतून उसनं घ्यावंच लागतं, त्याशिवाय विडंबन होणार कसं, त्यामुळे ते फेअर यूजमध्ये, म्हणजे मालकाला न विचारता वापरायच्या सवलतीत, बसू शकतं. सरसकट माफी नाही, पण बाजू मांडायला जागा आहे. हुबेहूब फॅन फिल्मला ती जागा जवळजवळ नाहीच. २०१५च्या डिसेंबरमध्ये 'स्टार ट्रेक' या अंतराळातल्या टीव्ही मालिका-पिक्चरांच्या मालक कंपन्यांनी, पॅरामाउंट आणि सीबीएसने, 'अॅक्सानार' नावाच्या स्टार ट्रेक फॅन फिल्मवर केस ठोकली. लोकवर्गणीतून १० लाख डॉलरच्या वर जमले होते, पोशाख, अंतराळयानं, पात्रांच्या कानांची टोकं, सगळं अस्सल. आणि नेमकं तेच अंगाशी आलं. जानेवारी २०१७मध्ये जजने सांगितलं की फेअर यूजचा बचाव इथे चालणार नाही, मग तडजोड झाली आणि पूर्ण लांबीच्या पिक्चरच्या जागी १५-१५ मिनिटांचे दोन भाग करायला परवानगी मिळाली. म्हणजे जितकी तफावत मिटवाल तितके जास्त अडकाल!

स्टार वॉर्सची मालक कंपनी लुकासफिल्म, तिची गंमत तर आणखी भारी. त्यांनी अॅटमफिल्म्स या शॉर्ट फिल्मच्या वेबसाइटबरोबर २००२मध्ये स्टार वॉर्सचे अधिकृत फॅन फिल्म अवॉर्ड्स सुरू केले आणि नियम काय, तर विडंबन चालेल, डॉक्युमेंटरी चालेल, पण स्टार वॉर्सच्या जगातली नवी गंभीर गोष्ट सांगाल तर एन्ट्री नाही. फॅन फिल्मचं बक्षीस, आणि अस्सल फॅन फिल्मला दार बंद. ते दार २००७ला उघडलं.

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२मध्ये टीका आणि समीक्षेसाठी सूट आहे, विडंबन हा शब्द मात्र नाही. केरळ हायकोर्टाने १९९६मध्ये एका गाजलेल्या मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाच्या बाजूने कौल दिला होता, मूळ नाटकावर टीका करायला त्यातलं घेतलं तर ती निव्वळ चोरी नव्हे अशा अर्थाने, तेवढा एक आधार. पण खरं सांगायचं तर तुमच्या-माझ्यासारख्याला कोर्ट नंतर, आधी यूट्यूबचं कंटेंट आयडी, म्हणजे दुसऱ्याचा माल आपोआप ओळखणारी यंत्रणा, आडवं येतं, आणि त्या मशीनला जोक कळत नाही, त्याला फक्त गाणं किंवा चित्र जुळतंय का एवढं कळतं. म्हणून ओरिजिनल बॅकग्राउंड म्युझिक उचलण्याऐवजी मित्राला तोंडाने वाजवायला लावा. स्पूफमध्ये ते जास्त मजेशीर वाटतं, वर मालकाने हक्क सांगण्याची, म्हणजे क्लेमची, कटकट बरीच कमी होते. फॅन फिल्मवाल्याची मात्र इथे पंचाईत, तोंडाने वाजवलं की त्याचा सीन गेला, त्याला कीबोर्डवाला एखादा दोस्त गाठून तसाच माहोल करणारं नवीन म्युझिक करून घ्यावं लागतं.

लांबीचंही असंच. टोस्टर उडाला, हसलो, दुसऱ्यांदा उडाला, हसलो, चौथ्यांदा कोण हसणार? म्हणून चांगले स्पूफ दहा-पंधरा मिनिटांत आटोपतात, ट्रेलरच्या रूपात तर फारच छान बसतात कारण ट्रेलरमध्ये सीन संपायच्या आधी कापता येतो. फॅन फिल्म दीड तास ताणली तरी चालते, मिसिसिपीच्या पोरांची तेवढी आहेच, कारण तिथे आपण जोक मोजत नसतो, आता तो मोठा दगड कसा आणणार, तो ट्रकचा सीन कसा करणार हे बघत बसतो.

त्यामुळे कॅमेरा काढायच्या आधी टीममध्ये एकदा बसून हे ठरवून टाका, कारण शूटिंगच्या मध्यात अर्धे लोक सीरियस आणि अर्धे दात काढतायत असं झालं की फिल्म ना इकडची ना तिकडची. सोपं आहे, दोरी फ्रेममध्ये आली की कॅमेरामन काय करतो ते बघा. त्याने "कट, दोरी दिसली" म्हटलं तर तुम्ही फॅन फिल्म काढताय, आणि "दोरी नीट दिसत नाहीये, जरा पुढे घे" म्हटलं तर स्पूफ.