साडेपाच मीटर की दहा? उत्तराखंडच्या यात्रामार्गाची पार्श्वभूमी

यात्रेच्या दिवसांत उत्तराखंडात दरड कोसळली, की महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अडकलेल्या यात्रेकरूंच्या याद्या फिरू लागतात. ऑगस्ट 2025 मध्ये गंगोत्रीच्या वाटेवरचे धराली मलब्याखाली गेले तेव्हाही हेच झाले. चर्चा ढगफुटीपासून सुरू होते, हवामानबदलापर्यंत जाते आणि तिथेच थांबते. बद्रीनाथ, केदारनाथ, गंगोत्री, यमुनोत्री या चार धामांकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. खरे तर गेल्या दहा वर्षांत या राज्याचे पर्यटन, वाहतूक आणि रोजगार हे तिन्ही प्रश्न त्या रस्त्याच्या रुंदीतच गुंतले आहेत.

जुना काळ थोडक्यात. ऋषिकेशहून बद्रीनाथ ही वाट चालत, चट्टी-चट्टीवर, म्हणजे वाटेतल्या पडावांवर, मुक्काम करत व्हायची. मोटाररस्ता वर सरकला तो यात्रेकरूंसाठी नव्हे, 1962 च्या युद्धानंतर सीमेसाठी. त्यामुळे रस्ता अरुंद होता आणि वाहतूक एका वेळी एकाच दिशेने चालायची. जोशीमठ ते बद्रीनाथ ही ‘गेट सिस्टम’ कित्येक वर्षे होती. ठरलेल्या वेळी फाटक उघडायचे, वर जाणाऱ्या गाड्यांची रांग निघायची, ती पोहोचल्याशिवाय खाली येणारी रांग सुटायची नाही. गेट चुकले की मुक्काम जोशीमठात. तिथली कितीतरी हॉटेले आणि ढाबे या चुकलेल्या गेटवर उभे राहिले. गैरसोय होती, यात शंका नाही. पण वर एका दिवसात किती माणसे पोहोचणार, हे त्या फाटकावर आपोआप ठरत होते.

2000 साली वेगळे राज्य झाले ते पहाडाला लखनौतून न्याय मिळत नाही या रागातून. नव्या सरकारने पर्यटनासाठी कायद्याने मंडळ नेमले आणि पर्यटन हाच पहाडाचा उद्योग असे ठरले. खरा पैसा मात्र सपाटीवर आला. 2003 मध्ये केंद्राने करसवलतींचे औद्योगिक पॅकेज दिले आणि हरिद्वार, पंतनगर, सेलाकुई इथे कारखान्यांची रीघ लागली. पिंपरी-चिंचवडकरांना हे वेगळे सांगायला नको. 2007 मध्ये आकुर्डीतला दुचाकी कारखाना थांबला, त्याच वर्षी त्याच कंपनीचा पंतनगरचा कारखाना सुरू झाला. ज्या पहाडासाठी राज्य मागितले तो मात्र रिकामा होत गेला. 2011 च्या जनगणनेत पौडी आणि अल्मोडा या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. पुढे सरकारनेच नेमलेल्या आयोगाने 2018 मध्ये सांगितले, की 2011 नंतर आणखी 734 गावे निर्मनुष्य झाली.

वर राहिलेल्यांच्या हाती उरली ती यात्रा, म्हणजे वर्षातले सहा महिने. खच्चरवाले, यात्रेकरूंना डोलीत किंवा पाठीवरच्या टोपलीत वाहून नेणारे डांडी-कंडीवाले, टॅक्सीवाले, लॉजवाले, पुरोहित या सगळ्यांचे वर्ष त्या सहा महिन्यांवर चालते. जून 2013 च्या केदारनाथच्या प्रलयात चार हजारांहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. तेव्हा राज्यापुढचा पहिला प्रश्न ‘यात्रा परत कशी उभी करायची’ हाच होता, आणि पोटाच्या दृष्टीने तो चुकीचा म्हणता येणार नाही. नदीकाठची बांधकामे, डोंगरउतार, वर जाणाऱ्यांची संख्या हे प्रश्न मागे पडले ते तेव्हाच.

डिसेंबर 2016 मध्ये डेहराडूनला चारधाम महामार्गाची पायाभरणी झाली. सुमारे 889 किलोमीटर, अंदाजे 12 हजार कोटी, बारमाही रस्ता. आखणी केंद्राची, पैसा केंद्राचा. राज्याकडे आले ते जमीन, झाडे, मलबा टाकायच्या जागा आणि दरड पडल्यावर धावाधाव. काम 53 तुकड्यांत विभागले गेले आणि प्रत्येक तुकडा 100 किलोमीटरच्या आतला. शंभराच्या वर गेले असते तर पूर्ण प्रकल्पाचा पर्यावरणीय आघात तपासावा लागला असता, असा विरोधकांचा आक्षेप. हे वेगवेगळे रस्ते आहेत, एक प्रकल्प नव्हेच, असे सरकारचे उत्तर. नकाशा पाहिलेल्या माणसाला हे उत्तर पटणे कठीण आहे.

खरा वाद पेटला तो रुंदीवर. रस्ता दुपदरी: 7 मीटर गाडीवाट, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर पक्की बाजूपट्टी, मिळून 10 मीटर डांबर. गटार आणि कठडा धरला तर त्याहून जास्त. सपाटीवर हा साधा हिशेब आहे. डोंगरात प्रत्येक वाढीव मीटर एक तर वरच्या उतारातून कापून काढावा लागतो, नाही तर दरीच्या बाजूने भिंत बांधून उचलावा लागतो. कापणे स्वस्त, म्हणून कापले जाते. पायथा कापला की वरचा उतार जवळजवळ उभा होतो, त्याला धरून ठेवणारी झाडे गेलेली असतात आणि पहिल्या मोठ्या पावसात तो आपला कोन स्वतः शोधतो. निघालेला मलबा ठरलेल्या डंपिंग यार्डात जायला हवा. तो बऱ्याचदा जवळच्या गधेऱ्यात (डोंगरी ओढ्यात) ढकलला जातो आणि तिथून नदीत.

गंमत अशी, की हा धोका रस्ता आखणाऱ्या केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयालाच ठाऊक होता. मार्च 2018 च्या त्याच्याच परिपत्रकात डोंगराळ भागात गाडीवाट साडेपाच मीटरच ठेवावी असे म्हटले होते. चारधामचे काम मात्र 10 मीटरनेच चालू राहिले. प्रकल्पाविरुद्धचा वाद न्यायालयात गेला होता. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीची फेररचना केली आणि 2020 मध्ये ती समितीच दुभंगली. अध्यक्ष आणि मोजके सदस्य साडेपाच मीटरच्या बाजूने, बहुसंख्य सदस्य 10 च्या बाजूने. या बहुसंख्यांत सरकारी अधिकाऱ्यांचा भरणा होता, हे नोंदवायला हवे. त्यांचा युक्तिवाद असा, की परिपत्रक पुढच्या कामांना लागू, आधी सुरू झालेल्यांना नाही. न्यायालयाने तो मानला नाही आणि 8 सप्टेंबर 2020 ला साडेपाच मीटरचा आदेश दिला.

तो आदेश जेमतेम तीन महिने टिकला. डिसेंबर 2020 मध्ये मंत्रालयाने परिपत्रकच बदलले: चीन सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यांना 10 मीटर चालतील. संरक्षण खाते न्यायालयात गेले. अवजड तोफा आणि क्षेपणास्त्रे वर न्यायची तर रुंद रस्ता लागेलच, असे त्याचे म्हणणे. 14 डिसेंबर 2021 ला न्यायालयाने ते मान्य केले आणि देखरेखीसाठी निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली. आधीच्या समितीच्या अध्यक्षांनी पुढच्याच महिन्यात राजीनामा दिला. सीमेची गरज खोटी नाही. पण दरडीने बंद पडलेला 10 मीटरचा रस्ता सैन्याच्या काय कामाचा, या प्रश्नाचे उत्तर त्या निकालात समाधानकारक सापडत नाही. शिवाय सवलत मिळाली ती माणा (बद्रीनाथच्या पुढचे सीमेकडचे गाव), गंगोत्री आणि पिथौरागडकडे जाणाऱ्या तीन मार्गांना. केदारनाथ आणि यमुनोत्रीच्या फाट्यांना सीमेचे कारण लागू नव्हते. तोवर बरीचशी कापणी होऊन गेली होती.

या सगळ्यात राज्य सरकार कुठे होते? बहुतेक वेळा केंद्राच्या मागे. गोमुख ते उत्तरकाशी पट्टा 2012 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला, तेव्हा राज्याने विकास अडेल म्हणून विरोध केला होता. त्यानंतर सरकारे आली-गेली, भूमिका तीच राहिली. राज्याने स्वतः पुढाकार घेतला तो मंदिरांच्या कारभारात. 2019 मध्ये 51 मंदिरे एका मंडळाखाली आणणारा कायदा केला आणि पुरोहितांच्या आंदोलनापुढे निवडणुकीच्या तोंडावर तो मागे घेतला.

पुढच्या घटना सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत. जानेवारी 2023 मध्ये जोशीमठच्या घरांतल्या भेगा रुंदावल्या. तिथे अवजड बांधकाम नको, असा इशारा सरकारी समितीने 1976 मध्येच देऊन ठेवला होता. नोव्हेंबर 2023 मध्ये याच महामार्गाच्या सिलक्यारा बोगद्यात 41 कामगार 17 दिवस अडकले.

रस्ता रुंद झाला तशी गर्दीही वाढली. 2023 च्या हंगामात यात्रेकरूंची संख्या 50 लाखांच्या वर गेली. ऋषिकेश-कर्णप्रयाग हा 125 किलोमीटरचा, बहुतांश बोगद्यांतून जाणारा रेल्वेमार्ग होत आहे. गेट सिस्टम गेल्यावर राज्याने ऑनलाइन नोंदणी आणली आणि 2022 मध्ये प्रत्येक धामाला रोजची मर्यादाही घातली. हॉटेलवाले आणि पुरोहित तिच्या विरोधात असतात. बुकिंग रद्द होते ते त्यांचे, म्हणून तो विरोध समजण्यासारखा आहे. त्या वर्षी केदारनाथची मर्यादा रोज 12 हजारांची होती. मार्च 2025 मध्ये केंद्राने सोनप्रयाग ते केदारनाथ रोपवेला मंजुरी दिली: 12.9 किलोमीटर, 4,081 कोटी, आठ-नऊ तासांची चढण 36 मिनिटांत. त्याची क्षमता रोज 18 हजार प्रवाशांची आहे.