शालेय पोषण आहार आणि जीएसटी माफी

शाळेत किंवा अंगणवाडीत मुलांना शिजवून दिल्या जाणाऱ्या जेवणाच्या सेवेवर भारतात वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागत नाही. २८ जून २०१७ च्या केंद्रीय अधिसूचना क्र. १२/२०१७ मधील ६६ व्या नोंदीने ही माफी दिली आहे. बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या शिक्षणसंस्थेला पुरवलेली खानपान सेवा तीत करमुक्त असून सरकारपुरस्कृत मध्यान्ह भोजन योजनेचा स्पष्ट उल्लेख आहे. जीएसटीपूर्वी सेवाकराच्या काळातही अशी माफी होती.

अंगणवाडी ही ‘शिक्षणसंस्था’ आहे का, हा प्रश्न मात्र काही वर्षे लोंबकळत राहिला. जीएसटी परिषदेच्या २८ मे २०२१ च्या ४३ व्या बैठकीनंतर १७ जून २०२१ च्या परिपत्रकाने तो निकाली निघाला. अंगणवाडी बालवाडीतच मोडते आणि जेवणाचा खर्च सरकारी अनुदानातून होवो वा कंपन्यांच्या देणगीतून, माफी लागूच राहते, असे त्यात म्हटले आहे. मध्यवर्ती स्वयंपाकघर चालवून शाळाशाळांत डबे पोहोचवणाऱ्या सेवाभावी संस्थांना दुसरा खुलासा फार मोलाचा ठरला, कारण त्यांचे गणित अनुदान आणि देणगी या दोन्हींवर चालते.

या माफीचा खरा कस लागतो तो संस्थेच्या खरेदीच्या बिलांवर. कायद्यात ‘करमाफ’ आणि ‘शून्य दर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्यातीला शून्य दर असतो, म्हणून निर्यातदाराला कच्च्या मालावर भरलेला कर परत मिळतो. मुलांचे जेवण केवळ करमाफ आहे, त्यामुळे त्यासाठी घेतलेल्या मालावरचा कर ना पुढे भरायच्या करातून वळता होतो, ना परत मिळतो. खिचडीच्या पातेल्याशी उभे राहिले की हे नीट कळते. भाजी, अंडी, मीठ आणि ताजे दूध यांवर कर नाही. फोडणीच्या तेलावर आणि हळद-तिखटावर ५ टक्के. पातेल्याखाली जळणारा १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर १८ टक्क्यांचा. घरगुती सिलिंडरला हाच दर ५ टक्के आहे. तेलाचा डबा करापूर्वी २,००० रुपयांना पडला, तर त्यावरचे १०० रुपये संस्थेच्या खिशातून कायमचे जातात.

तांदूळ-डाळीचे तर वजनावर ठरते. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टित व लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के कर आहे, त्याहून मोठ्या गोणीवर नाही. म्हणजे महिन्याचा शिधा एकदम भरू शकणारी मोठी संस्था ५० किलोची गोणी करावाचून आणते आणि हातावर पोट असलेले छोटे अन्नछत्र १० किलोच्या पिशवीवर कर भरते. ही विषमता कोणी मुद्दाम आणलेली नाही, पण ती अन्यायाचीच आहे.

रस्त्यावरच्या किंवा वस्तीतल्या मुलांना फुकट जेवू घालण्यावर मुळातच कर नाही, कारण मोबदला नसेल तर सहसा ‘पुरवठा’ होत नाही. निरपेक्ष देणगीवरही नाही. दात्याच्या नावाची पाटी लावली तरी हरकत नाही. त्यातून त्याच्या धंद्याची जाहिरात होता कामा नये, एवढेच ११ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकाने बजावले आहे. बालगृहाची गोष्ट वेगळी. ते शाळा नसल्यामुळे तिथे ठेकेदाराने जेवण पुरवले, तर सर्वसाधारणपणे ५ टक्के कर लागतो.

भरलेला कर परत देण्याची एक वाट केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाने २०१८ मध्ये ‘सेवा भोज योजने’तून काढली. मोफत प्रसाद, लंगर किंवा अन्नदान करणाऱ्या धर्मादाय धार्मिक संस्थांना तूप, तेल, साखर, गूळ, तांदूळ, पीठ व डाळी यांवरचा केंद्रीय जीएसटी आणि एकात्मिक जीएसटीतील (दोन राज्यांमधल्या व्यवहारांवरच्या करातील) केंद्राचा वाटा परत देण्याची ही योजना. गॅस तिच्या यादीत नव्हता. अट होती महिन्याला किमान ५,००० लोकांना जेवू घालण्याची. चाळीस मुलांच्या बालगृहात दोन्ही वेळची पाने मोजली, तरी महिन्याची बेरीज २,४०० वर थांबते.