ग्रहणाचं फळ: तुमच्या राशीला की देशाला?

ग्रहण जवळ आलं की फोनवर एक ठरावीक मजकूर येतोच. वरती ‘सत्तापालट, समाजात मोठी उलथापालथ’ आणि त्याखाली ‘मेषेने जपून, वृषभेला लाभ’. दोन्ही गोष्टी ज्योतिषातल्याच, पण त्यांचं गोत्र वेगळं. वरची संहितेतली, म्हणजे राजा-प्रजा-पिकांचं भविष्य सांगणाऱ्या ज्योतिषाच्या शाखेतली, खालची जन्मराशीच्या हिशेबातली.

राशीचं आधी उरकून टाकू. पंचांगात ग्रहणाच्या चौकटीत शुभफल, मिश्रफल, अनिष्टफल अशा तीन ओळी असतात. आपल्या राशीपासून ग्रहणाची रास मोजायची. तिसरी, सहावी, दहावी, अकरावी आली तर शुभ, दुसरी, पाचवी, सातवी, नववी आली तर मिश्र, बाकी अनिष्ट. १२ ऑगस्ट २०२६चं खग्रास सूर्यग्रहण कर्केत आहे. वृषभेपासून कर्क तिसरी म्हणून शुभ, मेषेपासून चौथी म्हणून अनिष्ट. झालं, बोटांवरचं गणित. ग्रहण कुठलंही असो, बारा राशींची वाटणी चार-चार-चार अशीच होते. एका ताटात जेवणाऱ्या नवरा-बायकोची फळंसुद्धा वेगळी, तिथे समाज कुठून येणार?

संहितेत मात्र व्यक्तीला जागाच नाही. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत ‘राहुचार’ नावाचा अख्खा अध्याय लिहिला, त्यात बोलणं आहे ते राजांबद्दल, प्रांतांबद्दल, जमातींबद्दल, पिकापाण्याबद्दल. कर्केत ग्रहण झालं तर आभीर, शबर, मत्स्य, कुरू, पांचाल यांना पीडा आणि अन्नाची नासाडी, असं तो सांगतो. शिवाय त्याच ग्रंथातल्या कूर्मविभाग या अध्यायात सत्तावीस नक्षत्रं तीन-तीनच्या गटांनी देशाच्या नऊ भागांना वाटून दिली आहेत. २०२६चं ग्रहण आश्लेषेत. आश्लेषा, मघा, पूर्वा हा गट आग्नेयेचा, आणि त्यात कलिंग, वंग, आंध्र यांच्या रांगेत आपला विदर्भ बसलाय. कोकण आणि नाशिक मात्र दक्षिणेला, उत्तरा-हस्त-चित्रा यांच्या खात्यावर. (मुंबई-पुणे शोधू नका.)

समाजाबद्दलचे दोन श्लोक तर मजेदार आहेत. चंद्रग्रहणानंतर पंधरवड्याने सूर्यग्रहण आलं तर प्रजेत अनीती माजते, नवरा-बायकोत वैर येतं. उलट क्रम असेल तर यज्ञ होतात, प्रजा आनंदात राहते. २०२५च्या सप्टेंबरात ७ला चंद्रग्रहण होतं, २१ला सूर्यग्रहण: भांडणाचा क्रम. २०२६ला १२ ऑगस्टच्या सूर्यग्रहणापाठोपाठ २८ला चंद्रग्रहण: आनंदाचा. दुसऱ्या श्लोकावर कोणी मजकूर बनवत नाही, कारण भीतीशिवाय तो पुढे सरकत नाही. आणि जगात दरवर्षी किमान दोन सूर्यग्रहणं होतातच, त्यामुळे कुठल्याही उलथापालथीच्या आगेमागे एखादं सापडणारच.

गंमत म्हणजे त्याच अध्यायात वराहमिहिर सांगतो, की चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो, सूर्यग्रहणात तो सूर्याच्या आड येतो, राहू याचं कारण नव्हे. तरीही फळं सांगायचं तो सोडत नाही. त्याला खगोल ठाऊक नव्हता म्हणून फळं सांगितली, हे म्हणणं म्हणून टिकत नाही.

ग्रहण दिसण्याचाही प्रश्न आहे. १२ ऑगस्टला आपल्याकडे दिव्यांची अवस. ग्रीनलंड, आइसलंड, स्पेनमध्ये सूर्य झाकला जाईल तेव्हा इथे रात्र असेल. जे ग्रहण दिसत नाही त्याचे वेध, स्नान, दान काहीच पाळायचं नाही, हा पंचांगाचा जुना नियम.

२ ऑगस्ट २०२७चं ग्रहण महाराष्ट्रातून खंडग्रास दिसेल. तेही कर्केतच, म्हणजे राशिफलाच्या तिन्ही ओळी जशाच्या तशा, फक्त तारीख बदलायची. पण नक्षत्र पुष्य, म्हणजे पूर्वेचा गट. संहितेच्या हिशेबाने त्या वर्षी विदर्भ सुटतो आणि पाळी येते मगध, मिथिला, उत्कल, प्राग्ज्योतिषाची.