थेंबाच्या पापुद्र्यातली हालचाल

ऑक्टोबर छाटणी उरकली की तासगाव, पलूस, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांत पहाटेपासून ब्लोअरचा आवाज ऐकू येतो. पाऊस रेंगाळला तर डाऊनी या रोगाच्या धास्तीनं फवारण्या वाढतात. टाकीत औषधासोबत थेंब पसरवणारं स्प्रेडर किंवा औषध चिकटवून ठेवणारं स्टिकरही पडतं. मणी धरल्यावर नुसत्या पाण्याचा एक थेंब त्यावर टाकून जवळून पाहावा. मण्यावरच्या पांढरट मेणाशी पाण्याचं पटत नाही, त्यामुळे थेंब गोळा होतो आणि घरंगळून जातो. सिलिकॉनचं स्प्रेडर मिसळलेला थेंब मात्र पसरतो. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन असतो, तो अशा स्प्रेडरमुळे २१-२२ पर्यंत उतरतो.

पण हा आकडा थेंब शांतपणे थांबला असतानाचा. फवाऱ्यातून सुटलेल्या थेंबाला पानावर आदळून उसळायला काही मिलिसेकंद पुरतात. तेवढ्या वेळात स्प्रेडर-स्टिकरचे रेणू थेंबाच्या आतून पृष्ठभागावर पोचले तर त्यांचा उपयोग. स्प्रेडरचे रेणू लहान असतात. स्टिकरमध्ये बहुधा पॉलिमर, म्हणजे लांबलचक साखळ्यांसारखे रेणू, असतात. त्यांना तिथवर यायला, आल्यावर उलगडायला आणि मग जागा धरायला वेळ लागतो. माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न वेगाचा आहे.

पृष्ठभागावर आलेली साखळी आडवी होऊन सपाट पडत नाही. तिचे काही भाग पृष्ठभागाला चिकटतात, काही कमानीसारखे पाण्यात उतरून परत वर येतात आणि टोकं मोकळी लोंबत राहतात. दूध होमोजिनाइज करताना फुटलेल्या स्निग्धांशाच्या थेंबांभोवती केसीन हे प्रथिन जाऊन बसतं, तेही बरंचसं असंच. हा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. त्याच्याखाली त्याच्या लाखो पट पाणी, आणि तेही तशाच हलक्या मूलद्रव्यांचं. मग फक्त थर कसा पाहायचा?

अशा थरांचं मोजमाप आधी एका स्वयंपाकघरात झालं. जर्मनीतल्या आग्नेस पोकेल्स यांनी घरीच पाण्याचं पसरट भांडं आणि सरकती पट्टी वापरून पृष्ठभागावरचे थर दाबले, ताण मोजला. विद्यापीठाचं शिक्षण त्यांना मिळालं नव्हतं. १८९१ साली त्यांनी लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं आणि रॅले यांनी ते ‘नेचर’मध्ये छापून आणलं. आजही प्रयोगशाळेतलं भांडं मूळच्या त्याच रचनेचं असतं, फक्त आता ते टेफ्लॉनचं. पण त्यातून मिळतो तो सगळ्या थराचा मिळून एक ताण. साखळ्या आत कशा बसल्या आहेत ते त्यात दिसत नाही.

ते दाखवतात क्ष-किरण. कृष्णेच्या पात्रात चपटा दगड अगदी तिरपा फेकला की तो न बुडता टप्पे घेत जातो, तसं इथं किरणांचं होतं. क्ष-किरणांसाठी पाण्याचा अपवर्तनांक (किरण किती वाकतात याचं माप) हवेपेक्षा किंचित कमी असतो. त्यामुळे साधारण ०.१५ अंशाहून कमी कोनात आलेले किरण जवळजवळ पूर्ण परत फिरतात आणि आत शिरतात ते जेमतेम पाच नॅनोमीटर. म्हणजे थराच्या जाडीइतकंच! उरलेलं पाणी जवळपास अदृश्य होतं.

करायला हे फार अवघड. घन नमुना हवा तसा कलता करता येतो, पाणी कलतं करता येत नाही. म्हणून स्फटिकावर आपटवून किरणच खाली वळवावे लागतात. ०.१ मिलिमीटर उंचीचा झोत ०.१ अंशात आला तर पाण्यावर जवळजवळ सहा सेंटिमीटर लांब पसरतो. तेवढा भाग सपाट हवा, कडेला चढलेलं पाणी मध्ये यायला नको, टेबलाला हादरा बसायला नको. इतकं करूनही पाणी पूर्ण सपाट नसतंच. उष्णतेमुळे त्यावर सतत सूक्ष्म तरंग उठतात, त्यांची उंची सुमारे ०.३ नॅनोमीटर.

हालचाल कळते ती याच तरंगांवरून. लेझरचा झोत भिंतीवर टाकला की ठिपक्याठिपक्यांची नक्षी दिसते. क्ष-किरणही तसेच सुसंगत, म्हणजे सगळ्या लाटा एका तालात असलेले, असतील तर पृष्ठभागावरून विखुरताना अशीच नक्षी उमटते, आणि पृष्ठभाग हलला की नक्षी बदलते. ती आपलं आधीचं रूप किती वेळात विसरते ते मोजलं की तरंग किती वेळात विरतात हे कळतं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या अर्गोन प्रयोगशाळेत वितळलेल्या पॉलिस्टायरीनच्या पातळ थरांवर हे केलं गेलं. त्या गटात सुनील सिन्हा हे भौतिकशास्त्रज्ञही होते. तिथले तरंग पाण्यासारखे पुढे धावत नाहीत, घट्ट द्रवात जागीच विरतात आणि थर जितका पातळ तितका विरायला जास्त वेळ घेतात.

अडचण एक राहते. एवढ्या तीव्र किरणांनी साखळ्याच तुटतात. मग भांड्यावर हेलियम भरायचा, झोत थोडा वेळच टाकायचा आणि दर वेळी पाण्यावरची नवी जागा निवडायची. फ्रान्समधल्या ग्रेनोबलचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणारं ८४४ मीटर परिघाचं वर्तुळाकार यंत्र, २०२० मध्ये नव्यानं सुरू झाल्यावर झोताची सुसंगती खूप वाढली, त्यामुळे मिलिसेकंदाच्या आतल्या हालचालीही मोजण्याच्या टप्प्यात आल्या. आपल्याकडे इंदूरला इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे आणि देशभरातल्या विद्यापीठांतले संशोधक तिथं वेळ मागू शकतात. वेगाचे प्रयोग तिथं कठीण, पण थराची जाडी आणि घनता पाहण्याचं तंत्र तिथं हाताखालून घालता येतं. सांगली-साताऱ्यातून एम.एस्सी. करणाऱ्यांपैकी कोणी स्टिकरच्या साखळ्यांचा प्रश्न घेऊन तिकडे जावं, असं मला मनापासून वाटतं.